साऊथ कॅरोलिना, १८७६ : मताची राखण कोणी करायची?

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या माणसांना अर्पण केले. काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी स्वतःची झीज सोसली, त्यांच्याविषयीचा तो आदर होता. आपल्यापैकी बहुतेकांनी ती अर्पणपत्रिका वाचली आहे. सभांतून तिचा उल्लेख होतो. मीही अनेकदा केला आहे. पण त्या अर्पणपत्रिकेनंतर तीनच वर्षांनी त्या मुक्त झालेल्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही पडला नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात लिंकन यायचा, गुलामगिरी संपायची आणि धडाही तिथेच संपायचा. मुले घंटेची वाट पाहत असायची आणि मीही.

निवृत्तीनंतर वाचता वाचता एका आकड्याशी अडखळलो. तो आकडा ८८९. अमेरिकेच्या १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत साऊथ कॅरोलिना या राज्यात रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेझ यांना ९१,७८६ मते मिळाली आणि डेमोक्रॅटिक उमेदवार सॅम्युएल टिल्डन यांना ९०,८९७. एवढ्या थोड्या मतांवर ते राज्य इकडचे की तिकडचे हे ठरायचे होते आणि त्या राज्याबरोबर अमेरिकेचा अध्यक्षही. अमेरिकेत अध्यक्ष थेट लोकांच्या एकूण मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात, आणि बहुतेक ठिकाणी राज्यात ज्याची सरशी त्याला ते सगळे मिळतात. साऊथ कॅरोलिनाचे निर्वाचक तेव्हा सात होते.

इतिहासाच्या पुस्तकांतून ही निवडणूक 'वादग्रस्त मतमोजणी' म्हणून येते. दोन्ही बाजूंनी गैरप्रकार झाले, असे एक वाक्य लिहून पुढे जायचे, अशी पद्धत आहे. हे वाक्य खोटे नाही, पण ते पुरे नाही. मत मोजताना काय झाले हा प्रश्न दुसरा आहे. मत द्यायला निघालेल्या माणसाचे घरापासून मतपेटीपर्यंत काय झाले, हा पहिला आहे. आपल्या वाचकाला यातला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आधी हे राज्य कोणते ते ध्यानात घेतले पाहिजे. गुलामगिरी टिकावी म्हणून अमेरिकन संघराज्यातून सर्वांत आधी, १८६० च्या डिसेंबरात, फुटून निघालेले हे राज्य. यादवी युद्धाची पहिली तोफ १८६१ साली याच राज्यातल्या चार्ल्स्टन बंदरात डागली गेली. युद्ध हरल्यावर १८७० ची शिरगणती झाली, तेव्हा राज्यातल्या सुमारे सात लाख लोकांपैकी सव्वाचार लाखांच्या आसपास काळे होते. म्हणजे मताचा अधिकार मिळताच काल ज्यांना बाजारात विकता येत होते तेच बहुसंख्य झाले.

आणि त्यांनी त्या मताचे काय केले? १८६८ साली राज्याची नवी घटना तयार झाली. ती लिहिणाऱ्या सभेत निम्म्याहून अधिक सभासद काळे होते. त्या घटनेने सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली आणि मतासाठी मालमत्तेची अट ठेवली नाही. याचा फायदा गरीब गोऱ्यांनाही झाला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १८७० साली याच राज्यातून जोसेफ रेनी हे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसणारे पहिले काळे सभासद झाले. ते जन्माने गुलाम होते. त्याच वर्षी जोनाथन राइट हे काळे वकील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १८७३ साली राज्याच्या विद्यापीठाचे दार काळ्यांना उघडले. ही सगळी आठ-नऊ वर्षांची कमाई आहे. ज्या वर्षी जोतीरावांनी पुस्तक अर्पण केले त्या वर्षी ते विद्यापीठ उघडले, हा योगायोग मला वाचताना फार गोड वाटला होता.

या राजवटीत भ्रष्टाचार नव्हता असे नाही. सरकारी रोख्यांत, छपाईच्या कंत्राटांत, आमदारांच्या खिशात पैसा मुरला. आपल्या माणसांचे राज्य म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. १८७४ साली निवडून आलेले रिपब्लिकन गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन हे गोरे होते आणि सुधारणेच्या गोष्टी करत होते. पण जुन्या मालकवर्गाचा खरा राग भ्रष्टाचारावर होता असे मानणे भोळेपणाचे होईल. काळा माणूस पैसे खातो याच्यापेक्षा काळा माणूस कर बसवतो, याचा त्यांना संताप होता.

या लोकांजवळ मत होते, पण जमीन फारशी नव्हती. राज्याने १८६९ साली जमीन आयोग नेमला, काही हजार कुटुंबांना हप्त्याने तुकडे मिळाले. बाकीचे बहुसंख्य लोक जुन्या मालकाच्याच रानात वाट्याने कापूस पिकवत होते. पोट मालकाच्या रानात आणि मत मालकाच्या विरुद्ध, अशी ही अवस्था होती. या अवस्थेत मत किती दिवस टिकते?

१८७६ साल उजाडले तेव्हा डेमोक्रॅट पक्षाने युद्धातले जुने सेनापती वेड हॅम्प्टन यांना गव्हर्नरपदासाठी उभे केले. हॅम्प्टन सभांतून काळ्यांच्या हक्कांना धक्का लागणार नाही असे सौम्यपणे सांगत. त्यांच्या पाठीमागे मात्र एजफिल्डचे मार्टिन गॅरी होते. गॅरींनी प्रचाराची लेखी योजनाच तयार केली होती. प्रत्येक डेमोक्रॅटाने निदान एका काळ्या मतदाराला धाकाने, पैशाने किंवा घरी अडकवून ताब्यात ठेवावे, असा तिचा मतलब. गावोगावी गोऱ्यांचे रायफल क्लब निघाले. लाल सदरे घालून, घोड्यांवर बसून, शेकड्यांनी हे लोक रिपब्लिकनांच्या सभेत शिरत आणि बोलायला आपल्यालाही अर्धा वेळ हवा म्हणत. हातात बंदुका असणाऱ्याने अर्धा वेळ मागितला म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला कळत होते.

त्या वर्षी ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली. त्या दिवशी हॅम्बर्ग या काळ्यांच्या छोट्या गावात राज्य संरक्षक दलाच्या काळ्या तुकडीने रस्त्यावर संचलन केले. बग्गीतून आलेल्या दोन गोऱ्या जमीनदारांना वाट हवी होती. बोलाचाली झाली, वाट दिली गेली. तरी प्रकरण कोर्टात गेले. ८ जुलैला सुनावणीच्या दिवशी मॅथ्यू बटलर हे जुने सेनापती सशस्त्र जमावासह आले आणि त्यांनी तुकडीला शस्त्रे टाकायला सांगितले. तुकडीने ऐकले नाही. गोळीबारात एक गोरा मेला. मग नदीपलीकडून तोफ आणली गेली. गावचा काळा पोलीस अधिकारी मारला गेला आणि पकडलेल्यांपैकी काहींना रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. किमान सहा काळे मेले. शिक्षा कोणालाही झाली नाही. बटलर पुढे सिनेटर झाले. त्या जमावातला बेंजामिन टिलमन नावाचा तरुण पुढे गव्हर्नर झाला, सिनेटर झाला आणि आयुष्यभर हॅम्बर्गची फुशारकी मारत राहिला.

एका संचलनावरून एवढे? आपल्याकडे वरातीतल्या घोड्यावरून, मिशीवरून, डोक्यावरच्या फेट्यावरून काय काय झाले आहे ते आठवावे, म्हणजे आश्चर्य वाटणार नाही. रस्ता कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

सप्टेंबरात एलेंटनच्या भागात काळ्यांना शोधून शोधून मारले. त्यांत राज्याच्या विधानसभेचे सदस्य सायमन कोकर होते. ऑक्टोबरात केनहॉय येथे उलटे झाले. तिथे काळ्यांनीही बंदुका आणल्या होत्या, आणि मेलेल्यांत गोरे अधिक होते. हेही लिहिले पाहिजे, कारण ही माणसे मेंढरांसारखी उभी राहिली असे चित्र खोटे आहे. शेवटी अध्यक्ष ग्रँट यांनी रायफल क्लब मोडण्याचा हुकूम काढला आणि सैन्य पाठवले. क्लबांनी नावे बदलली. कोणी बेसबॉल क्लब झाले, कोणी शिवणमंडळ.

बंदुकीपेक्षा शांत असे दुसरे हत्यारही होते. रिपब्लिकन मत देणाऱ्याला काम द्यायचे नाही, जमीन वाट्याने द्यायची नाही, उधारी द्यायची नाही, असे ठराव मालकांनी केले. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे : बहिष्कार.

आणि मत तेव्हा गुप्त नव्हते. सरकारी मतपत्रिका नव्हती. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापत, मतदार त्या हातात घेऊन सर्वांदेखत पेटीत टाकत. कोणी कोणाची चिठ्ठी टाकली हे मालकाला दिसत होते. तरीही काळ्यांनी मोठ्या संख्येने रिपब्लिकन चिठ्ठी टाकली. बायकांना मत नव्हते. पण त्या सभांना येत, नवऱ्यांवर नजर ठेवत, आणि मालकाची चिठ्ठी टाकणाऱ्याला घरात घेणार नाही म्हणून बजावत. काही काळी माणसे हॅम्प्टनकडेही गेली. त्यांत मार्टिन डिलेनी यांच्यासारखे जुने, लढाऊ विचारवंत होते. रिपब्लिकनांच्या भ्रष्टाचाराला ते विटले होते आणि हॅम्प्टनच्या शब्दावर त्यांनी विश्वास टाकला. त्यांना मी पटकन गद्दार म्हणणार नाही. प्रस्थापितांच्या गोड शब्दावर विश्वास ठेवण्याचा मोह दमलेल्या चळवळीला होतो, हे आपण आपल्याकडे पाहिले आहे.

७ नोव्हेंबरला मतदान झाले. एजफिल्ड आणि लॉरेन्स या दोन जिल्ह्यांत मतदार जेवढे असू शकत होते त्याहून अधिक मते निघाली. राज्याच्या मतमोजणी मंडळात रिपब्लिकनांचा ताबा होता. त्यांनी या दोन जिल्ह्यांची विधानसभेची निवड मान्य केली नाही. मग राज्यात दोन विधानसभा झाल्या. चार दिवस दोन्ही सभा एकाच सभागृहात, दोन सभापती आणि दोन कामकाजे घेऊन बसल्या. दोन गव्हर्नरांनी शपथ घेतली. हॅम्प्टन म्हणत आपण १,१३४ मतांनी निवडून आलो. चेंबरलेन यांच्या दाराशी संघराज्याचे सैनिक उभे होते म्हणून ते खुर्चीवर होते.

साऊथ कॅरोलिनाखेरीज फ्लोरिडा आणि लुइझियाना या दोन राज्यांतूनही दोन-दोन निकाल वॉशिंग्टनला गेले, आणि ओरेगॉनच्या एका निर्वाचकाचा वाद होता. अध्यक्ष होण्यासाठी १८५ निर्वाचक लागत. टिल्डन १८४ वर अडले होते, हेझ १६५ वर, आणि वादातले निर्वाचक २० होते. देशभरच्या मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होते. काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला : पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. आयोगाने प्रत्येक वादात आठ विरुद्ध सात असा, पक्षाच्या रेषेवर, निकाल दिला. वीसच्या वीस हेझ यांना मिळाले. १८७७ च्या २ मार्चला ते १८५ विरुद्ध १८४ असे विजयी ठरले.

म्हणजे काळ्यांनी ज्याला जीव धोक्यात घालून मत दिले तो जिंकला. आणि जिंकल्यावर त्याने काय केले? १० एप्रिलला कोलंबिया या राजधानीतल्या राज्यभवनावरचे सैनिक त्याच्या हुकमाने निघून गेले. दुसऱ्या दिवशी हॅम्प्टन यांनी कार्यालय ताब्यात घेतले. एकाच मतमोजणीत हेझ खरे आणि चेंबरलेन खोटे, असा हा हिशेब होता. त्या फेब्रुवारीत दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांच्या वाटाघाटी झाल्या होत्या. त्यात नेमके काय ठरले यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण त्या बैठकांत काळ्यांच्या वतीने बोलायला कोणी नव्हते, याविषयी वाद नाही. अध्यक्षपद एका पक्षाला मिळाले, दक्षिण दुसऱ्याला मिळाली. ज्यांच्या मतांवर सौदा झाला ते सौद्यात माल होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. १८७७ सालीच विद्यापीठ बंद केले. पुढे ते उघडले ते फक्त गोऱ्यांसाठी. त्याच वर्षी न्यायमूर्ती राइट यांना पद सोडावे लागले. १८८२ साली राज्याने 'आठ पेट्यांचा' कायदा केला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, पेटीवर फक्त अक्षरात नाव. चुकीच्या पेटीत पडलेली चिठ्ठी बाद. वाचता येत नाही त्याने काय करायचे? पाठ करून आला तर पेट्यांच्या जागा बदलता येत होत्या. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर शिकणे गुन्हा होता, त्यांच्यापुढे अक्षराचीच भिंत घातली.

हा कायदा वाचताना मला माझे वडील आठवले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मी सहा-सात वर्षांचा होतो. त्यांच्याबरोबर गावच्या शाळेपर्यंत गेलो होतो. आपल्याकडेही तेव्हा पुष्कळ पेट्या होत्या. पण त्या प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या, आणि प्रत्येक पेटीवर चित्र चिकटवलेले. वडिलांना अक्षर येत नव्हते. हत्ती ओळखू येत होता. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते चिन्ह. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखला. एका देशात अडाणी माणसाला बाहेर ठेवण्यासाठी पेट्या वाढवल्या, दुसऱ्या देशात त्याला आत घेण्यासाठी. पेटी लाकडाची की लोखंडाची याने फरक पडत नाही, ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली याने पडतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री गावातल्या एका मोठ्या घरातून महारवाड्यात निरोप आला होता. मत कुणालाही द्या, पण उद्यानंतर सुगी आहे हे ध्यानात ठेवा. त्या वर्षी ज्वारी काढायला आम्हाला कोणी बोलावले नाही. आई तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावी कामाला जायची. आमचे मत गुप्त होते, पण आमचा वाडा गुप्त नव्हता.

साऊथ कॅरोलिनात शेवटचा घाव १८९५ साली पडला. टिलमनच्या पुढाकाराने नवी घटना झाली. मतासाठी डोईपट्टी, वाचता येण्याची परीक्षा किंवा तीनशे डॉलरची मालमत्ता. त्या घटनासभेत १६० पैकी सहाच काळे होते. त्यांतले एक रॉबर्ट स्मॉल्स. १८६२ साली गुलाम असताना शत्रूचे जहाज चार्ल्स्टन बंदरातून पळवून आणणारा हा माणूस. त्यांनी भर सभेत विरोध केला आणि घटनेवर सही केली नाही. १८९७ नंतर या राज्यातून काळा प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेला तो १९९२ च्या निवडणुकीत जेम्स क्लायबर्न निवडून आल्यावर. मधली पंचाण्णव वर्षे कोरी.

या लुटीनंतर इतिहासाचीही लूट झाली. काळे लोक राज्य करायला नालायक होते, म्हणून ते राज्य गेले, असे विद्वानांनी लिहिले. त्यांचे अग्रणी विल्यम डनिंग हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकत होते. डनिंगपंथी इतिहासाला सणसणीत उत्तर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ साली मोठा ग्रंथ लिहून दिले. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डुबॉइसना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन वस्त्यांची अशी ओळख झाली.

१९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ही ओळख उतरली आहे. त्यातली समान वागणुकीची कलमे अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवर बेतलेली आहेत. यांतला १८७५ चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ सालीच मोडीत काढला होता. तिथे मेलेला कायदा बाबासाहेबांनी इथे जिवंत करायला घेतला. पण ते तिथे थांबले नाहीत. त्याच निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी म्हटले. मत, बहिष्कारापासून संरक्षण आणि मालकाच्या रानातून सुटका, या तिन्ही गोष्टी एकत्र. १८७६ सालच्या त्या राज्यात पहिली होती, उरलेल्या दोन नव्हत्या. आपल्या राज्यघटनेत पहिली आली. तिसरी आली नाही. दुसरीसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा यायला २०१६ साल उजाडले.

अमेरिकेतही मताला खरी राखण मिळाली ती १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने. त्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात पहिले गेले ते साऊथ कॅरोलिना राज्यच, आणि १९६६ साली हरले. २०१३ साली मात्र त्याच न्यायालयाने त्या कायद्याचा कणा असलेली तरतूद रद्द केली. २०२१ च्या जानेवारीत काही सिनेटरांनी हरलेली निवडणूक उकरण्यासाठी १८७७ च्या त्या आयोगाचा दाखला दिला. ज्या सौद्याची लाज वाटायला हवी तो आदर्श म्हणून पुढे केला गेला.

एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्या पँथरने १९७२ साली जे नाव घेतले ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो काळा चित्ता मुळात निवडणूक चिन्ह होता, हे मला परवापर्यंत माहीत नव्हते. अलाबामा राज्यातल्या लाउन्डस जिल्ह्यातल्या काळ्या शेतमजुरांनी १९६६ साली स्वतःचा पक्ष काढला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मतपत्रिकेवर आपला पक्ष ओळखता यावा म्हणून चित्र हवे होते. त्यांनी चित्ता निवडला. मतासाठी नाव नोंदवले म्हणून मालकांनी त्यांच्यातल्या कित्येक कुटुंबांना घराबाहेर काढले होते. ती कुटुंबे तंबूत राहत होती आणि रात्री पहारा देत होती.

माझ्या वडिलांनी पेटीवर हत्ती ओळखला आणि त्यांनी मतपत्रिकेवर चित्ता. दोन्हीकडे मत देऊन माणूस घरी परतला, आणि त्याची खरी निवडणूक दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या शोधात सुरू झाली. जोतीरावांची अर्पणपत्रिका मी आजही आदराने वाचतो. फक्त आता धडा तिथे संपवत नाही.